तिकीटनाना

हौशी नाटकात काम करायला माणसं शोधावी लागत नाहीत. दिग्दर्शन करायला तर न विचारता मिळतात. नेपथ्य, प्रकाश, संगीत यांतलं काहीच ज्यांना जमत नाही ते सगळे मार्गदर्शन करायला मोकळे असतात. अडतं ते एकाच जागी. समोर बसायला माणसं कोण आणणार, आणि तीही पैसे मोजून? बैठकीत हा विषय निघाला की प्रत्येकाला एकदम आपली गोळी घ्यायची वेळ आठवते. त्या शांततेत कोपऱ्यातून एक आवाज येतो, "किती छापायची?"

हे नाना.

पुण्याभोवती पाषाण, बावधन, हडपसरपासून पार तळेगावपर्यंत ज्येष्ठांसाठी बांधलेल्या वसाहती उभ्या आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात सगळं असतं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, बटण दाबलं की नर्स येते. तिकिटं खपवणाऱ्या गृहस्थाचा मात्र त्यात उल्लेख नसतो. तरी तो प्रत्येक वसाहतीत असतोच. कुठे त्याला अप्पा म्हणतात, कुठे भाऊ, कुठे नुसतं 'ते आले बघा' म्हणतात. आमच्याकडे त्यांना नाना म्हणतात, आणि त्यांची पाठ फिरली की तिकीटनाना.

नाना अंगाने किरकोळ. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं. एक स्वतः लिहायला आणि दुसरं समोरच्याच्या हातात द्यायला. काखेत फाईल, फाईलच्या पाठीवर क्यूआर कोड चिकटवलेला. पायात रबरी तळव्यांचे बूट, त्यामुळे ते आले हे कळतं तेव्हा ते येऊन बसलेले असतात. उभ्या आयुष्यात त्यांनी बँकेच्या वसुली खात्यात नोकरी केली. थकबाकीदाराच्या ओट्यावर बसायचं, व्याजाचा विषय काढायचा नाही, मुलांची शिक्षणं, पाऊसपाणी, गावची जत्रा असं बोलत राहायचं आणि उठायचं नाही, ही त्यांची तिथली पद्धत. पूर्वी ते थकबाकीदाराकडचा चहा नाकारायचे. इथे घेतात. दुसरा कप विचारला तर तोही घेतात. तिसऱ्या कपाच्या वेळी घरातल्या काकूंच्या लक्षात येतं, की दुधापेक्षा तिकीट स्वस्त पडेल.

आमच्या वसाहतीत कला उतू जाते. नाट्यमंडळ आहे, भजनी मंडळ आहे, अभिवाचन गट आहे, मंगळागौरीच्या खेळांचा सत्तरीच्या आसपासचा चमू आहे आणि कराओकेचे तर दोन गट आहेत, कारण पहिल्या गटात दोन जणांना एकच गाणं हवं होतं. शिवाय गीतरामायणवाले आहेत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं तेव्हा आमच्यातले पुष्कळ जण शाळकरी वयात रेडिओपुढे बसलेले होते. वर्षभराहून थोडं अधिक, दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी त्यांना तेव्हापासून पाठ आहेत. त्यामुळे त्या कार्यक्रमाला प्रेक्षक गायकाच्या आधी समेवर येतात, कडवं विसरलं तर पुढून सांगतात, आणि मध्यंतरात विचारतात की गायलो आम्ही, मग तिकीट आम्ही का काढलं. नाना शांतपणे सांगतात, "एकट्याने घरी गायला असतात तर साथीला तबला कोणी दिला असता?"

कराओकेवाल्यांशी नानांचं जमत नाही. तिथे सभागृहाचा खर्च गाणाऱ्यांतच वाटून घेतात आणि ऐकणाऱ्याला फुकट सोडतात. ऐकणारेही कोण, तर आपल्या नंबराची वाट पाहत बसलेले गाणारेच. आपलं गाणं झालं की मनुष्य फाईल मिटून घरी जातो. शेवटच्या गायकापुढे फक्त यंत्र चालवणारा मुलगा उरतो, कारण त्याला यंत्र घरी न्यायचं असतं. "गाणारा पैसे देतो आणि ऐकणारा उपकार करतो, हा उफराटा धंदा आहे," असं नानांचं मत आहे, आणि ते त्यांनी दोन्ही गटांना स्वतंत्रपणे ऐकवलं आहे.

नानांचं खरं प्रेम नाटकावर. म्हणजे नाटकाच्या प्लॅनवर. व्यावसायिक नाट्यगृहात खिडकीवर प्लॅन लागतो तसा त्यांचा प्लॅन पाहण्यासारखा असतो. चार्ट पेपरवर पट्टीने आखलेले चौकोन, एकेक चौकोन म्हणजे एकेक निळी प्लॅस्टिकची खुर्ची. आमचं सभागृह बहुउद्देशीय आहे, म्हणजे सकाळी तिथे योगासनं, दुपारी पत्ते आणि संध्याकाळी जे काही असेल ते. खुर्च्या रोज हलतात. पण नानांच्या कागदावर त्या हलत नाहीत.

बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडलं तेव्हापासून नाना तिथे जात आले आहेत. पुष्कळ वेळा नाटकाला नाही, नुसते तिकिटाच्या खिडकीजवळ उभे राहायला. लोक कोणती खुर्ची मागतात, पहिल्या ओळी किती वेळात भरतात, खांबाआडची जागा खिडकीवरचा माणूस कसा गळ्यात घालतो, हे सगळं त्यांनी तिथे शिकून घेतलं. आणि इथे आल्यावर त्यांना कळलं, की ते शिक्षण निम्मं उलटं करावं लागणार आहे. बालगंधर्वला माणूस मधली खुर्ची मागतो. आमच्याकडे मधली खुर्ची फुकट दिली तरी कोणी घेत नाही. आमच्याकडे मागणी असते कडेच्या खुर्चीला. गुडघे सरळ करता येतात, पंख्याचा झोत चुकवता येतो आणि मुख्य म्हणजे पहिला अंक संपायच्या आत दोनदा उठता येतं. दाराजवळची कडेची खुर्ची ही तर आमच्याकडची सर्वोच्च श्रेणी. तिच्यासाठी लोक नानांना महिनाभर आधी गाठतात, डॉक्टरांचा कागद दाखवतात. एका काकांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट आणला होता. नानांनी तो नीट वाचला आणि दुसऱ्या ओळीतली कडेची दिली. दाराजवळची मिळायला त्याहून मोठा आकडा लागतो.

पहिली ओळ ऐकू न येणाऱ्यांसाठी. तिचा तोटा असा की मध्येच एखाद्या श्रवणयंत्राची शिट्टी वाजते, आणि नायिकेला वाटतं प्रेक्षकांतून कोणी तरी वाजवली. ती सुखावते. नाना यात पडत नाहीत.

तिकिटांचं पुस्तक त्यांचं ते छापून घेतात. प्रत्येक तिकिटाला स्थळप्रत, स्थळप्रतीवर शिक्का. पहिल्या तिकिटाचा क्रमांक असतो १०१. एक क्रमांकाचं तिकीट घ्यायला पुण्याचा माणूस धजत नाही, आपणच पहिले फसलो असं त्याला वाटतं. १०१ पाहिला की त्याला वाटतं, शंभर जण आधीच फसलेत, आता हरकत नाही. शंभर रुपये दर. "शिवाय जीएसटी नाही," असं नाना वर सांगतात. नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला तो मुळातच माफ आहे, पण नाना हे अशा आवाजात सांगतात, की समोरच्याला वाटावं यांनी दिल्लीला जाऊन आपल्यासाठी सोडवून आणला.

विक्रीची त्यांची वेळ आणि जागा ठरलेली असते. महिन्यातून एकदा सकाळी सात वाजता रक्त तपासणीवाला येतो. तळमजल्यावरच्या बाकावर उपाशीपोटी रांग लागते. नाना तिथे जातात. त्यांचं रक्त घ्यायचं नसतं, ते नुसते बसतात.

"काय वहिनी, साखर?"

"हो ना. मागच्या वेळेला जास्त आली."

"हसल्यावर कमी होते. अठरा तारखेला नाटक आहे. दोन फाडू का?"

"अहो नाना, हात बांधलाय माझा."

"दुसरा मोकळा आहे ना. पैसे मागाहून द्या, नुसतं हो म्हणा."

वहिनींच्या दंडाला रबरी पट्टा, समोर सुई घेतलेला मुलगा, पोटात बारा तासांचा उपास. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. त्या मुलाने एकदा भीत भीत सुचवलं, की काका, रक्तदाब मोजून झाल्यावर तिकिटाचं बोलाल का, आकडे वर जातात. नानांनी सूचना मान्य केली. त्यालाही एक तिकीट दिलं.

लोकांची कारणं नानांना तोंडपाठ आहेत, आणि लोकांची पथ्यंही. कोणाचा मोतीबिंदू कधी, कोणाचा गुडघा कधी, कोणाची मुलगी कोणत्या तारखेला अमेरिकेहून यायची, हे वसाहतीच्या कार्यालयापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. "त्या दिवशी डोळ्याला पट्टी असेल हो," असं कोणी म्हणालं तर नाना म्हणतात, "संगीत नाटक आहे, कान मोकळे ठेवा." "ऐकू येत नाही हो," म्हणणाऱ्याला सांगतात, "पोशाख बघण्यासारखे आहेत." एकदाच ते अडले. एका जोडप्यातल्या काकांना दिसायचं कमी आणि काकूंना ऐकू यायचं कमी. काका म्हणाले, "नाना, आमच्या दोघांत मिळून एक प्रेक्षक होतो. एकच तिकीट द्या." नानांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "तिकीट डोळ्याला किंवा कानाला नसतं, खुर्चीला असतं. एकाच खुर्चीत दोघं बसणार असाल तर देतो." काकू लाजल्या. दोन तिकिटं गेली.

नटांनाही ते सोडत नाहीत. 'संशयकल्लोळ'च्या वेळी मला एक किरकोळ काम होतं. नानांनी मलाच तिकीट आणून दिलं. "अहो, मी स्टेजवर असणार आहे," मी म्हटलं. "पहिल्या अंकात. पुढे तुमचं काम नाही, मी संहिता पाहिली. नंतर कुठे उभे राहणार?" मी शंभर रुपये दिले. मधली खुर्ची मिळाली.

परदेशात असलेल्या मुलांसाठी त्यांची वेगळी योजना आहे. आई नायिकेचं काम करते आहे, तू न्यू जर्सीत आहेस, येणं शक्य नाही हे मान्य, पण आईचा प्रयोग आणि तुझी खुर्ची नाही हे बरं दिसत नाही. मुलगा तिथल्या मध्यरात्री पैसे पाठवतो. प्रयोगाच्या दिवशी त्या खुर्चीवर नाना वसाहतीतल्या माळ्याला बसवतात. काही जणांनी यावर आक्षेप घेतला, की एकच खुर्ची दोनदा विकली. नानांनी हिशेब पुढे टाकला. माळ्याकडून पैसे घेतले नव्हते. पण टाळ्या वाजवण्याचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं, आणि नायिका येताच त्या त्याने मुलाच्या नावाने वाजवल्या.

स्वतःच्या घरातही सवलत नाही. नानींना नाटकाची आवड बेताचीच, मालिका आठला सुरू होते. तरी दर प्रयोगाचं एक तिकीट त्यांच्या नावावर फाडलं जातं. आधी घरच्यांनी घ्यावं, म्हणजे बाहेरच्यांपुढे तोंड राहतं, असं नाना म्हणतात. घरखर्चाच्या वहीत ते शंभर रुपये 'औषधपाणी' या सदरात पडतात. नानींनी हे पाहिलं आहे. त्यांनी ते खोडलेलं नाही.

फुकट्या पासाचा विषय काढला की मात्र नानांचा चेहरा वसुली खात्यातला होतो. मराठी माणूस नाटकासाठी काहीही करील, पण पास मागितल्याशिवाय राहणार नाही. शेजारी राहतो म्हणून पास, तालमीला खोली दिली म्हणून पास, तालमीचा आवाज सहन केला म्हणून पास. नाना सगळ्यांना एकच ऐतिहासिक दाखला देतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत पहिला खेळ केला तो राजेसाहेबांच्या आश्रयाने. पुढे तो आश्रय राहिला नाही, तेव्हा १८५३ साली त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ केले. "लोक पहिली तारीख धरतात," नाना म्हणतात, "मी दुसरी धरतो. राजाने पाहिलं ते दरबारातलं कौतुक. अनोळखी माणसाने पैसे देऊन पाहिलं ते नाटक." हे ऐकल्यावर पास मागणारा सहसा तिकीट घेतो, कारण नाना पुढे १८५३ नंतरचा इतिहासही सांगायला लागतील अशी त्याला भीती वाटते.

तिकीट लावण्याचं दुसरं टोक म्हणजे कायदा, आणि तोही नानांना पाठ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळींसाठी एक सोय ठेवली आहे. प्रेक्षकांकडून पैसे न घेता किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला तर लेखकाच्या हक्काचा भंग होत नाही. तिकीट लावलं की ही सोय गेली. मग लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी आणि मानधन आलं. मानधनाला नानांचा विरोध नाही, पण वारसांपैकी एक डोंबिवलीत, एक कॅनडात आणि दोघांचं बोलणं नाही, असं निघालं तर तालमी सुरू होईपर्यंत नट बदलावे लागतात. म्हणून नाना लेखक निवडताना आधी त्याच्या मृत्यूचं साल पाहतात. मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. देवल १९१६ साली गेले, गडकरी १९१९ साली, खाडिलकर १९४८ साली. हे तिघे नानांचे आवडते नाटककार. आमच्याकडे राहायला साठ वर्षं जगलेली माणसं लागतात, नानांना नाटककार जाऊन साठ वर्षं झालेला लागतो. अत्रे १९६९ साली गेले, त्यामुळे 'मोरूची मावशी' २०२९ साल संपेपर्यंत परवानगीशिवाय करता येत नाही. नाना थांबायला तयार आहेत. मावशीचं काम करणारे अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ते तयार नाहीत.

आता यात नानांना मिळतं काय? पैसे नाहीत. शिल्लक राहिली तर ती मंडळाच्या खात्यात जाते आणि तिच्यातून पुढच्या वेळचा मंडप, वेषभूषेचं भाडं आणि बटाटेवडे निघतात. मानही नाही, कारण समोरून नाना येताना दिसले की कट्ट्यावरची माणसं मोबाईल कानाला लावतात, काही जण उलटाही लावतात. खरी गंमत त्यांच्या दुसऱ्या वहीत आहे. त्या वहीत कोणी कोणाच्या कार्यक्रमाची किती तिकिटं घेतली ते लिहिलेलं असतं, लग्नातल्या आहेराच्या यादीसारखं. भजनी मंडळाने नाटकाची वीस घेतली, तेव्हा नाट्यमंडळाने भजनाला वीस देणं लागतं. मंगळागौरवाल्यांनी चौदाच घेतली, त्यांना चौदाच मिळतील. अभिवाचनवाल्यांनी एकदा सगळी उधार घेतली, त्यांच्या वाचनाला लोकांनीही टाळ्या उधारच ठेवल्या. वसाहतीतले निम्मे लोक स्टेजवर आणि निम्मे खाली, पुढच्या महिन्यात उलट. शंभराच्या त्याच नोटा या मंडळातून त्या मंडळात फिरत राहतात. एका नोटेवर कोणी तरी फोन नंबर लिहिला होता. ती नोट माझ्याकडे तीन वेगवेगळ्या कार्यक्रमांच्या हिशेबातून परत आली.

हे पाहूनच आमच्या एका निवृत्त चीफ इंजिनिअरसाहेबांनी वार्षिक सभेत प्रश्न उभा केला. पैसे जर आपल्याआपल्यातच फिरतात तर फिरवायचे कशाला? देखभाल खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढावी आणि सगळे कार्यक्रम विनामूल्य करावेत. कॉपीराइटचा प्रश्नही उरणार नाही. त्यांनी फळ्यावर आकृती काढली. बाणाने जोडलेली चार वर्तुळं आणि मधोमध फुली. फुली म्हणजे नाना. ठराव मोठ्या मताधिक्याने मंजूर झाला. विरोधात एक मत पडलं. ते नानींचं होतं, आणि त्याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं.

विनामूल्य प्रयोगासाठी 'शारदा' निवडलं. १८९९ चं नाटक, म्हातारपणी लग्नाला उभा राहिलेला भुजंगनाथ आणि त्याच्या गळ्यात बांधायची कोवळी शारदा. पात्रनिवडीला एरवीपेक्षा वेळ लागला. भुजंगनाथाला शोभतील असे पुरुष भरपूर होते, पण त्यांतला प्रत्येक जण म्हणाला की मला त्यापेक्षा तरुण कोदंड जास्त शोभेल. आणि शारदेसाठी ज्या आजी उभ्या राहिल्या त्यांच्या नाती त्या वयाच्या होत्या. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'प्रवेश विनामूल्य. सर्वांनी अगत्य यावे.' पाच वाजताचा प्रयोग. तिसरी घंटा झाली तेव्हा सभागृहात जेमतेम निम्मी माणसं. बाकीचे येत होते. येतच होते. कोणी पहिला अंक चुकवून आला, कारण चहा राहिला होता. कोणी पहिल्या अंकानंतर गेला, कारण फोन आला होता. काही जण विणकाम घेऊन आले. दोघा जणांनी मागे पत्त्यांचा राहिलेला डाव पुरा केला. दाराजवळच्या कडेच्या खुर्चीत सुरक्षारक्षक बसला आणि झोपला, त्याला उठवायचा अधिकार कोणाकडेच नव्हता. साडेसातला भोजनगृहाची घंटा वाजली आणि शारदेचं काय झालं हे कळायच्या आत निम्म्यातले निम्मे पोळी गरम मिळावी म्हणून गेले.

नाना प्रयोगाला आले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तिकीट नव्हतं माझ्याकडे. आत कसं सोडतील?"

पण खरा घात दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. एरवी नाटकाच्या दुसऱ्या दिवशी आमचा कट्टा भरलेला असतो. पहिल्या अंकात झोपलेले कर्नलसाहेब दुसऱ्या अंकातल्या चुका मोजून दाखवतात. हार्मोनियम अर्धा स्वर खाली होती, शालूचा रंग त्या काळातला नव्हता, मिशी डावीकडून सुटली होती, आम्ही केलं होतं तेव्हा असं नव्हतं. नट मंडळी फिरायला निघाल्याचं दाखवत तिथूनच चार फेऱ्या मारतात, चिडतात, उत्तरं देतात, आणि दुपारपर्यंत भांडण रंगतं. त्या सकाळी मात्र भुजंगनाथ बाकावर येऊन बसले, आणि जो येईल तो म्हणाला, "छान झालं हो." पुढे काही नाही. भुजंगनाथांनी आपण होऊन विचारलं, "तिसऱ्या अंकात मी थोडा चुकलो, नाही?" कर्नलसाहेब म्हणाले, "असेल. चालायचंच. फुकट दाखवलंत तुम्ही, वर नावं कशी ठेवणार?"

हे ऐकून भुजंगनाथ घरी गेले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

तेव्हा कुठे आम्हाला नानांचा धंदा कळला. निवृत्त माणसाच्या हातात वेळ भरपूर असतो, आणि म्हणूनच तो कशासाठीही वेळेवर पोहोचत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्या तारखा सगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या. त्यांत एक तारीख त्याने स्वतः पैसे देऊन घेतलेली असली, की तो त्या दिवशी दाढी करतो, चारला इस्त्रीचा शर्ट घालतो आणि पाचच्या नाटकाला पावणेपाचला येऊन आपल्या खुर्चीत कोण बसलंय ते बघतो. पैसे दिलेत म्हणून शेवटपर्यंत बसतो, भोजनगृहाला पोळ्या झाकून ठेवायला लावतो. आणि दुसऱ्या दिवशी हक्काने नावं ठेवतो. पुण्याच्या प्रेक्षकाकडून नावं ठेवण्याचा हक्क काढून घेतला तर त्याने नाट्यगृहात करायचं काय? शंभर रुपयांत नाना विकतात तो हा हक्क, नाटक सोबत येतं. आणि नटाला तरी काय हवं असतं? आयुष्यभर हाताखालच्यांकडून 'हो साहेब' ऐकलेल्या माणसाला उतारवयात कोणी तरी पैसे टाकून 'तुम्ही वाईट केलंत' म्हणणं, ही केवढी चैन आहे.

आमच्यात एक्याण्णव वर्षांच्या एक आजी आहेत. त्या नानांकडे दर दिवाळीला पुढच्या दिवाळीचं तिकीट आगाऊ मागतात. नाटक ठरलेलं नसतं, मंडळही शाबूत राहील की नाही सांगता येत नाही. नाना कोऱ्या तिकिटावर शिक्का मारून देतात. एकदा आजींनी विचारलं, "समजा मध्येच बोलावणं आलं, तर पैसे परत मिळतील का रे?" नाना म्हणाले, "नाही. मंडळाचा नियम आहे. यावंच लागेल." ठराव झाला त्या वर्षी आजी त्यांच्याकडे नेहमीप्रमाणे गेल्या, तर नानांनी हात वर केले. आजी तडक अध्यक्षांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, मग मी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू कशाला? अध्यक्षांनी त्याच संध्याकाळी तातडीची सभा बोलावली.

सभेत चीफ इंजिनिअरसाहेबांनी स्वतः उठून फळ्यावरची फुली पुसली. शिष्टमंडळ नानांच्या घरी गेलं. नानांनी सगळ्यांना बसवलं, नानींनी चहा दिला, दुसऱ्यांदा विचारला. पुढचं नाटक कोणतं, तारीख कोणती, हे त्यांनी ऐकून घेतलं. मग कपाटातून चार्ट पेपर काढला. त्यावर चौकोन आखलेले होते, बहुतेक ठराव झाला त्याच रात्री आखलेले.

"दीडशे," नाना म्हणाले.

"अहो, शंभर होतं!"

"मधल्या काळात तुम्ही लोकांना फुकटची सवय लावलीत. ती मोडायला पन्नास लागतात."

कोणी बोललं नाही. चीफ इंजिनिअरसाहेबांनी पाकीट काढलं, दोन तिकिटांचे पैसे मोजले आणि चार्टवर वाकून हळूच विचारलं, "दाराजवळची कडेची आहे का?"

नानांनी खिशातलं दुसरं पेन त्यांच्या हातात दिलं. "मधल्या बघा," म्हणाले. "कडेच्या आजी सकाळीच घेऊन गेल्या, स्वतःची एक आणि पाय सोडायला शेजारची एक."